हृदयविकाराच्या उपचारात मूत्रपिंडाचे काय होते?

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा यावा, देणगीदारांचे ऋण मान्य केले जावे, हे योग्यच आहे. त्याबरोबरच सभासदांच्या घरात वेळप्रसंगी उपयोगी पडेल असेही काही दोन-चार पानांत असावे, या हेतूने आम्ही हा विषय निवडला आहे. वरवर पाहता तो वैद्यकशाळेतील वाटेल. परंतु बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या आपल्या टापूत असे घर विरळाच, की ज्यातील कोणा वडीलधाऱ्यास हृदयाच्या अशक्तपणामुळे रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही.

दुखण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. रात्री आडवे झाले की दम लागतो, उशाखाली आणखी एक उशी येते, संध्याकाळी वहाणेचा पट्टा पायात रुतू लागतो. मग एके रात्री श्वास कोंडतो आणि घरची मंडळी रुग्णाला घेऊन बेळगावला, नाहीतर कोल्हापूरला किंवा मिरजेला धाव घेतात. प्राणवायू लावतात, शिरेतून लघवी वाढविणारी इंजेक्शने देतात. दोन दिवसांत लघवी मोकळी होते, दम ओसरतो, रुग्ण चहा मागतो. आणि तिसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट येतो. क्रिएटिनिन १.३ होते, ते १.७ झालेले असते. मग खाटेभोवती कुजबुज सुरू होते, 'हृदय सुधारले, पण इंजेक्शनांनी किडनी खराब केली.' कोणी औषध थांबविण्याचा आग्रह धरतो, कोणी घरी नेण्याचा. घरी आल्यावर लघवीची गोळी पहिल्यांदा बंद होते, आणि काही दिवसांतच रुग्ण पुन्हा त्याच खाटेवर येतो.

मूत्रपिंडाची काळजी वाटणे गैर नाही. परंतु तिसऱ्या दिवसाचा तो आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळदा चुकीचा निर्णय होतो आणि तो जिवावर बेततो. म्हणून हृदय आणि मूत्रपिंड यांचे नाते, आणि उपचार चालू असता मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या रक्ताचे काय होते, हे आम्ही येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

रक्ताचा पाचवा हिस्सा

निरोगी माणसाचे हृदय विश्रांतीच्या वेळी दर मिनिटास सुमारे ५ लिटर रक्त शरीरात ढकलते. दोन्ही मूत्रपिंडांचे वजन मिळून सुमारे ३०० ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसात शरीराचा दोनशेवा भाग. तरीही हृदयाने ढकललेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर रक्त, एकट्या मूत्रपिंडांकडे जाते. दिवसाकाठी हे रक्त चौदा-पंधराशे लिटर भरते.

एवढे रक्त या लहानशा अवयवाला स्वतःच्या पोषणासाठी लागत नाही. ते येते गाळले जाण्यासाठी. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहूनही बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुच्छ होय. त्या गुच्छात रक्त आणणारी एक नळी आणि तेथून रक्त नेणारी दुसरी नळी असते. दोन्ही नळ्यांना स्नायूंचे वेष्टन असल्यामुळे त्या कमी-अधिक आवळता येतात. आणणारी नळी मोकळी आणि नेणारी थोडी आवळलेली असली म्हणजे गुच्छात दाब राहतो, आणि त्या दाबाने रक्तातील पाणी, क्षार व टाकाऊ द्रव्ये पाझरतात. असे दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा घागरी, पाझरते. त्यांतील बहुतेक सारे पुढच्या लांब नळ्यांतून शरीर परत घेते, आणि उरते ते लिटर-दीड लिटर मूत्र.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. गाळण्यासाठी रक्त पुरेसे यावे लागते, ही पहिली. आलेले रक्त विनासायास पुढे निघून जावे लागते, ही दुसरी. पहिली गोष्ट सर्वांना चटकन पटते. दुसरीकडे मात्र वैद्यकशास्त्राचेही बराच काळ पुरेसे लक्ष नव्हते.

हृदय दमले म्हणजे

हृदयाचा पंप कमजोर झाला की पुढे जाणारे रक्त कमी होते. मेंदू आणि हृदय यांचा वाटा राखण्यासाठी शरीर इतरांच्या वाट्यात कपात करते, आणि त्यात मूत्रपिंडाचा वाटा मोठ्या प्रमाणात कापला जातो. अमेरिकेतील डॉ. आर्थर मेरिल यांनी १९४६ मध्ये अशा जुनाट रुग्णांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यांच्या रुग्णांत हृदयाचे काम साधारण निम्म्यावर आले होते, परंतु मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा मात्र एक-पंचमांशापर्यंत उतरला होता. गाळण्याचे काम तितके घसरले नव्हते. ते एक-तृतीयांश ते निम्म्याच्या आसपास टिकून होते. याचे कारण असे, की रक्त कमी आले तरी नेणारी नळी आवळून मूत्रपिंड आपल्या गुच्छातील दाब सांभाळून धरते.

येथेच एक घोटाळा होतो. रक्त कमी येत आहे याचा अर्थ मूत्रपिंड एकच लावते, की शरीरातील पाणी आटले आहे किंवा रक्तस्राव झाला आहे. हृदय थकले आहे हे त्याला कळावयास मार्ग नाही. म्हणून ते रेनिन नावाचे द्रव्य सोडते, त्यातून रक्तवाहिन्या आवळणारी आणि मीठ-पाणी राखून ठेवणारी संप्रेरके निर्माण होतात. उन्हाळ्यात शेतात घाम गाळणाऱ्या माणसाचा जीव याच योजनेने वाचतो. परंतु अशक्त हृदयाच्या माणसात तीच योजना उलटते. राखलेले मीठ आणि पाणी आधीच भरलेल्या शिरांत साचते. तेथून ते पायांत, पोटात आणि फुप्फुसांत उतरते. फुप्फुसांतील पाणी म्हणजेच रात्रीचा दम.

तुंबलेल्या शिरांचा परिणाम

मेरिल यांच्या मोजमापांमुळे पुढील कित्येक वर्षे असे मानले गेले, की मूत्रपिंड बिघडते ते केवळ रक्त कमी पोचते म्हणून. परंतु त्याहीपूर्वी, १९३१ मध्ये, ब्रिटनमधील एफ. आर. विंटन यांनी कुत्र्याच्या सुट्या मूत्रपिंडावर प्रयोग करून दाखविले होते, की मूत्रपिंडातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेतील दाब वाढविला तर आत येणारे रक्त आणि तयार होणारे मूत्र, दोन्ही घटतात. हा धागा वैद्यकांनी जोमाने पुन्हा हाती घेतला तो पाऊणशे वर्षांनी. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे हृदय अत्यंत अशक्त झालेल्या १४५ रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ज्यांचे मूत्रपिंड बिघडले त्यांचे हृदय इतरांहून कमी रक्त ढकलीत होते असे आढळले नाही. उलट ते किंचित जास्तच ढकलीत होते. फरक होता तो शिरांतील दाबात. ज्यांच्या शिरा अधिक तुंबलेल्या, त्यांचे मूत्रपिंड अधिक बिघडले, आणि उपचाराने ज्यांचा तो दाब पुरेसा उतरला त्यांचे कमी बिघडले.

हे कसे घडते हे साध्या वजाबाकीने कळेल. रक्त वाहते ते दोन टोकांच्या दाबांतील फरकाने. समजा, मूत्रपिंडात शिरताना सरासरी दाब ९० आणि बाहेर पडताना ५ आहे, तर रक्त ढकलणारा फरक ८५ होतो. हृदय दमल्यावर शिरताना दाब ७० वर आला आणि तुंबलेल्या शिरेत तो २० वर चढला, तर फरक उरला ५०. त्यांतील वीस शिरतानाचा दाब उतरल्यामुळे गेले आणि पंधरा तुंबल्यामुळे. शिवाय मूत्रपिंडावर एक चिवट आवरण असते. आत पाणी साचले तर ते फार फुगू शकत नाही, म्हणून आतल्या आत नाजूक नळ्याच दाबल्या जातात. पोटात पाणी झाले असेल तर बाहेरूनही दाब येतो. अशा रुग्णांच्या पोटातील पाणी काढल्यावर लघवी वाढून क्रिएटिनिन उतरल्याचेही आढळले आहे.

आपल्याकडील शेतकऱ्याला ही गोष्ट पुस्तकाशिवाय समजावी. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठच्या उसाच्या पट्ट्यात, शिरोळकडे तर विशेष, चिबड झालेली जमीन कोणी पाहिली नाही? पाण्याची वाण नाही, तरीही ऊस पिवळा पडतो, मुळे कुजतात, जमिनीवर मिठासारखा पांढरा थर येतो. अशा रानात आणखी पाणी सोडून पीक सुधारत नाही. तेथे चर काढावा लागतो, निचरा करावा लागतो. तुंबलेल्या मूत्रपिंडाचेही असेच आहे. ते बिघडले म्हणून शरीरातील पाणी काढणे थांबविणे, म्हणजे चिबड रानातील चर बुजविण्यासारखे होय.

औषधांनी काय बदलते

हृदयाच्या सुजेवर औषध शोधण्याचा इतिहास मोठा आहे. इंग्लंडमधील डॉ. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटॅलिस या वनस्पतीवरील आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. तिच्यापासून निघालेले डिगॉक्सिन आजही काही रुग्णांना देतात. पुढे पायांत बारीक नळ्या खुपसून पाणी काढीत. १९१९ मध्ये व्हिएन्ना येथे उपदंशासाठी दिलेल्या पाऱ्याच्या इंजेक्शनाने लघवी भरपूर होते हे ध्यानात आले, आणि जवळजवळ चाळीस वर्षे पारा हाच डॉक्टरांचा आधार राहिला. पारा मूत्रपिंडाला विषारी असल्याने 'लघवीचे औषध किडनी खाते' ही समजूत त्या काळात तरी अगदीच निराधार नव्हती. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायाझाइड आले आणि त्यानंतरच्या दशकात फुरोसेमाइड आले. आज रुग्णालयात शिरेतून दिले जाते ते बहुधा हेच, आणि ते पाऱ्यासारखे विष नव्हे. ते मूत्रपिंडाच्या नळ्यांतून मीठ परत शोषले जाण्याची वाट अडविते. मीठ बाहेर जाते आणि त्याच्यामागे पाणी जाते.

ते दिल्यावर मूत्रपिंडाच्या रक्तप्रवाहात एकाच वेळी दोन विरुद्ध गोष्टी घडू लागतात. शिरांतील तुंबारा उतरतो, त्यामुळे बाहेर जाण्याची वाट मोकळी होते आणि प्रवाह सुधारतो. त्याच वेळी रक्तातील पाणी कमी झाल्याने संप्रेरके पुन्हा जागी होतात, नळ्या आवळतात आणि प्रवाह घटू पाहतो. कोणती बाजू वरचढ ठरेल हे वेगावर अवलंबून असते. लघवीवाटे जे पाणी जाते ते रक्तातून जाते. पायांतील आणि फुप्फुसांतील साचलेले पाणी हळूहळू रक्तात परत येऊन ती जागा भरते. विहिरीचा उपसा झऱ्याच्या मानाने असला तर पाणी टिकते. उपसा फार झाला तर तळ दिसतो. म्हणूनच डॉक्टर दररोज वजन, लघवीचे माप, रक्तदाब आणि रक्तातील क्षार पाहून मात्रा ठरवितात. नर्सबाई लघवी मापून लिहून ठेवतात ती उपचाराची वही होय. ते माप परस्पर ओतून देऊ नये.

दुसरे औषध एनालॅप्रिल आणि त्याच्या जातीच्या गोळ्यांचे. हृदय अत्यंत अशक्त झालेल्या २५३ रुग्णांवर युरोपच्या उत्तरेकडील देशांत झालेला प्रयोग १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांत एनालॅप्रिल न मिळालेल्यांपैकी ४४ टक्के दगावले, तर ते मिळालेल्यांपैकी २६ टक्के. ही गोळी गाळणीतून रक्त नेणारी आवळलेली नळी सैल करते. त्यामुळे मूत्रपिंडातून वाहणारे रक्त पुष्कळदा वाढते, परंतु गुच्छातील दाब थोडा उतरतो, गाळणे किंचित मंदावते आणि क्रिएटिनिन थोडे चढते. रक्तपुरवठा सुधारलेला आणि आकडा मात्र वाढलेला, असे येथे घडू शकते. केवळ आकडा पाहून औषधाला दोषी ठरविणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवावे. अलीकडे मधुमेहातून हृदयरोगात आलेल्या एम्पाग्लिफ्लोझिन व डापाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचीही हीच तऱ्हा आहे. आरंभी गाळणे थोडे उतरते, पुढे मात्र मूत्रपिंडाचे रक्षण होते.

मग मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह औषधाने सरळ वाढवावा, असे कोणासही सुचेल. डॉक्टरांनाही सुचले. डोपामाइन हे औषध अल्प मात्रेत दिल्यास मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या रुंदावतात हे मोजून सिद्ध झाले होते, आणि कित्येक वर्षे ते त्या आशेने दिले जात असे. परंतु अमेरिकेत ३६० रुग्णांवर रीतसर तुलना होऊन २०१३ मध्ये निकाल आला, तेव्हा लघवीत किंवा मूत्रपिंडाच्या रक्षणात त्याचा लाभ दिसला नाही. यंत्राने रक्तातील पाणी गाळून काढण्याचीही परीक्षा झाली. क्रिएटिनिन चढू लागलेल्या १८८ रुग्णांवरील हा निकाल २०१२ चा. वजन दोन्ही पद्धतींनी सारखेच उतरले, पण यंत्राच्या गटात क्रिएटिनिन अधिक वाढले. तात्पर्य, या रुग्णांत औषधांनी नीट मोजून मापून केलेल्या निचऱ्याहून यंत्र सरस ठरले नाही, आणि निचरा सोडून नुसता प्रवाह वाढविण्याची युक्तीही फळली नाही.

तिसऱ्या दिवसाचा तो आकडा

क्रिएटिनिन हे स्नायूंच्या रोजच्या झिजेतून निघणारे टाकाऊ द्रव्य आहे. ते मूत्रपिंडातून गाळले जाते, म्हणून गाळणे मंदावले की रक्तात वाढते. म्हणजे तो आकडा गाळण्याचा वेग अंदाजाने सांगतो. वेग का मंदावला, गाळणी फाटली की केवळ दाब उतरला, हे तो सांगत नाही.

१०० मिलिलिटर रक्तात ०.३ मिलिग्रॅमची वाढ झाली की डॉक्टर तिची दखल घेतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ३०८ रुग्णांना फुरोसेमाइड कमी व अधिक मात्रेत देऊन तुलना केली. पहिल्या तीन दिवसांत अशी वाढ अधिक मात्रेच्या गटात २३ टक्के रुग्णांत झाली, कमी मात्रेच्या गटात १४ टक्क्यांत. परंतु साठ दिवसांनंतर दोन्ही गटांच्या मूत्रपिंडांत फरक उरला नाही. पुढील अनेक अभ्यासांतूनही असेच दिसले, की सूज व दम उतरत असता क्रिएटिनिन थोडे वाढले तर रुग्णाचे भवितव्य त्यामुळे सहसा बिघडत नाही. भवितव्य बिघडते ते आकडा वाढलेला आणि पाणीही तसेच साचलेले, अशा रुग्णाचे.

म्हणून रिपोर्ट हाती येताच घाबरून जाण्याऐवजी घरच्या माणसांनी डॉक्टरांना चार प्रश्न विचारावेत. लघवी पुरेशी होते आहे काय? वजन रोज उतरते आहे काय? दम आणि सूज कमी आहे काय? रक्तदाब ठीक आहे काय? चारही उत्तरे समाधानकारक असतील, तर थोडी वाढ ही बहुधा निचऱ्याची किंमत असते आणि ती पुढे भरून निघते. उलट लघवी आटली, हातपाय गार पडले, रुग्ण गुंगीत राहू लागला, रक्तदाब खाली आला, तर हृदयाचा पंपच पुरेसे ढकलीत नसल्याची ती खूण असते आणि उपचार बदलावे लागतात. वाढीची आणखीही कारणे असतात. जंतूंचा प्रादुर्भाव, वृद्ध पुरुषांत प्रोस्टेटमुळे अडलेली लघवी, अँजिओग्राफीसाठी वापरलेला रंग, किंवा आधी घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. यांतील कोणते कारण आहे हे ठरविण्याचे काम डॉक्टरांचे. आपले काम खरी माहिती देण्याचे. क्वचित काही दिवस डायलिसिसही लागते. तसे झाले म्हणजे ते जन्मभरासाठीच लागले, असे नव्हे.

घरी आल्यानंतर

केरळात तिरुवनंतपुरम येथे २०१३ मध्ये हृदय अशक्त झालेल्या १,२०५ रुग्णांची नोंद केली गेली. त्यांचे सरासरी वय ६१ होते, पाश्चात्त्य देशांतील अशा रुग्णांहून सुमारे दहा वर्षांनी कमी. शेकडा आठ-नऊ जण रुग्णालयातच दगावले. म्हणजे आपल्याकडे हे दुखणे कर्त्या माणसाला गाठते, आणि घरी परतलेल्याने पुढे काय केले यावर पुष्कळ काही ठरते. आपल्या भागापुरत्या काही गोष्टी आम्ही येथे सांगतो.

वजनकाटा हे या रोगातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू यंत्र होय. सकाळी लघवी-शौच झाल्यावर, खाण्यापूर्वी, रोज वजन करून वहीत लिहावे. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढले तर ती चरबी नव्हे, ते पाणी होय. सूज दिसण्यापूर्वीच काटा बोलतो. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

मीठ हे तर मूळच. जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, मीठ खाण्यास सांगते. आपले लोणचे, पापड, खर्डा, फरसाण, सुकी मासळी यांत ते सहज ओलांडले जाते. सैंधव हेही मीठच आहे. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, आणि एनालॅप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढून हृदयाची गती बिघडू शकते. रुग्णाला भेटावयास जाताना प्रेमाने नेलेल्या शहाळ्याचीही तीच गोष्ट. त्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते देऊ नये.

गुडघेदुखीवर औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांविषयी आम्ही विशेष इशारा देऊ इच्छितो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारखी औषधे मूत्रपिंडात रक्त आणणारी नळी मोकळी ठेवणाऱ्या द्रव्यालाच मारक असतात. अशक्त हृदयाच्या माणसात मूत्रपिंडाचा प्रवाह मुख्यतः त्या द्रव्यावर तगलेला असतो. दोन-चार गोळ्यांनीही लघवी कमी होऊन पाणी साचते. किडनीला जपावे म्हणून लघवीची गोळी बंद करावी आणि दुखण्याची गोळी मात्र चालू ठेवावी, हा उलटा न्याय आपल्याकडे सर्रास दिसतो.

सौंदत्तीला यल्लमाच्या यात्रेस किंवा लग्नकार्यास जाताना, एस.टी.त लघवीची पंचाईत नको म्हणून गोळी टाळण्याची चाल आहे. ही अडचण खरी आहे, स्त्रियांची तर अधिकच. तथापि गोळी वगळण्याऐवजी त्या दिवशी तिची वेळ बदलता येईल काय हे आधी विचारून घ्यावे. जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन खाणेपिणे सुटले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. तेव्हा मात्रा कमी करावी लागते. निपाणीची बाजारपेठ तंबाखूवर उभी राहिली आणि शेकडो घरांना त्या पिकाने भाकर दिली, हे आम्ही विसरत नाही. पण विडीचा धूर हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद करतो, आणि हृदय अशक्त होण्याचे ते एक मोठे कारण आहे, हेही सांगितलेच पाहिजे.

शेवटची गोष्ट कागदपत्रांची. या सीमाभागाचे रुग्ण पिढ्यान्‌पिढ्या मिरजेला जात आले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये तेथे रुग्णालय उभे केले होते. १९६३ मध्ये बेळगावात जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मोठ्या उपचाराची सोय जवळ आली. निपाणीकरांना कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. त्यामुळे एकाच रुग्णाचे एक वर्षाचे कागद एका गावी आणि दुसऱ्या वर्षाचे दुसऱ्या गावी, अशी स्थिती होते. परंतु आजचे क्रिएटिनिन १.७ हे वाईट की नेहमीचेच, हे मागचा आकडा पाहिल्याशिवाय कोणताही डॉक्टर सांगू शकत नाही. यास्तव प्रत्येक घरी अशा रुग्णाची एक फाईल असावी. तिच्या पहिल्या पानावर रुग्णालयातून निघतानाचे वजन, क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, रक्तदाब आणि चालू गोळ्यांची नावे-मात्रा लिहिलेली असावी. रात्री दोन वाजता रुग्णाबरोबर धावणाऱ्या मुलाच्या किंवा सुनेच्या हाती हे एक पान असले, तरी डॉक्टरांचे अर्धे काम हलके होते.

आपल्या संस्थेने या महोत्सवी वर्षात कार्यालयात एक चांगला वजनकाटा आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे, आणि अशा पानाचा एक छापील नमुना मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत सभासदांना वाटावा, अशी आमची विश्वस्त मंडळास नम्र सूचना आहे. खर्च अल्प आहे आणि उपयोग पुष्कळ आहे. ज्या घरात हे दुखणे आहे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की हृदय आणि मूत्रपिंड एकाच गाड्याला जुंपलेले दोन बैल आहेत. एकाला वाचविण्यासाठी दुसऱ्याला सोडावे लागते ही समजूत खोटी आहे. अंगातील पाण्याचा योग्य निचरा झाला तर बहुधा दोघांचाही भार हलका होतो.